इझमिरला हरायचं ठरलं होतं

आम्ही सहा आठवड्यांसाठी गेलो होतो. परत आलो तेव्हा साडेचार महिने उलटले होते आणि सामानात सात कप होते.

ही १९६० सालची गोष्ट. मी तिबुर्सियो, व्हिला सेरेना फुटबॉल क्लबचा मालिशवाला. व्हिला सेरेना म्हणजे साव पावलोच्या कडेची कापडगिरणीची वस्ती. आमचे निम्मे खेळाडू त्याच गिरणीत कामाला होते. राज्याच्या स्पर्धेत आम्ही दरवर्षी नववे, नाहीतर दहावे. घरी आम्हाला कुत्रंही विचारत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी देशाने विश्वचषक जिंकला होता, आणि युरोपात ब्राझीलचा कसलाही संघ उतरला तरी लोक तिकिटं काढत होते. तेवढ्यावर आम्हाला बोलावणं आलं.

आमचे प्रमुख होते डॉक्टर आर्जेमिरो. होते वकील, पण आमच्याकडे कोट घालणाऱ्या प्रत्येकालाच डॉक्टर म्हणतात. माणूस वाईट नव्हता. गोल चेहऱ्याचा, सारखा घाम पुसणारा. त्यांच्याबरोबर एक एजंट होता. तो सगळ्या भाषा थोड्या थोड्या बोलायचा आणि रोज न्याहारीच्या टेबलावर नवं गाव काढायचा.

पहिला कप स्वीडनमधल्या एका बंदरात मिळाला. दुसरा जर्मनीत एका बिअरच्या कारखान्याने ठेवला होता. तिसऱ्या वेळी इतकं धुकं पडलं की पंचांना गोलजाळी दिसेना. दोन-दोन अशी बरोबरी झालेली, मग नाणं उडवलं आणि कप आम्हाला आला. प्रत्येक वेळी डॉक्टर धावत तारऑफिसात जायचे. दुसऱ्या दिवशी साव पावलोच्या पेपरात छापून यायचं, 'व्हिला सेरेना आंतरराष्ट्रीय विजेता.' गावी गिरणीच्या फाटकावर तो कागद चिकटवत, असं बायकांच्या पत्रांतून कळायचं.

सहा आठवडे संपले तेव्हा आम्ही एकही सामना हरलो नव्हतो. परदेशातून न हरता परतणाऱ्या संघाला त्या काळी निळी फीत मिळायची. आमच्यासारख्या क्लबला असलं काही स्वप्नातही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला हॉटेलच्या जिन्यात गोळा केलं.

"पोरांनो, अजून चार सामने. मग घर."

चाराचे आठ झाले, आठाचे सोळा. सोबत नेलेलं काळ्या घेवड्याचं पोतं तिसऱ्याच आठवड्यात संपलं. पुढे उकडलेले बटाटे आणि बेचव मासे. आगगाडी, बस, पुन्हा आगगाडी. एका आठवड्यात तीन देश झाले की कुठल्या देशात झोपलोय हे उशीच्या आकारावरून ओळखायचं. अठरा खेळाडूंपैकी धड पायांचे तेरा उरले. माझी तेलाची बाटली संपली, तेव्हा मी हॉटेलच्या स्वयंपाकघरातून ऑलिव्हचं तेल मागून आणलं. सगळा संघ सॅलडसारखा वास मारत मैदानात उतरला.

कप्तान होता जुव्हेंसियो. चौतीस वर्षांचा, बचावफळीचा कणा, कमी बोलणारा. दर सामन्यानंतर त्याचा उजवा गुडघा पावासारखा फुगायचा. डॉक्टर दाराशी येऊन विचारायचे, "तिबुर्सियो, कप्तान चालेल ना?"

जुव्हेंसियो माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचो, "चालेल."

असं मी किती वेळा म्हणालो, ते मी मोजलं नाही. मोजायची भीती वाटते.

ग्रीसमध्ये होतो तेव्हा ग्रिलोने बातमी आणली. ग्रिलो आमचा डावा विंगर. नाव वेगळंच होतं, पण उड्या मारतो म्हणून ग्रिलो, म्हणजे नाकतोडा. दुपारी सगळे खोलीत आडवे पडलेले असताना तो आला आणि दार लावून पाठ टेकून उभा राहिला.

"एजंट डॉक्टरांना काय म्हणाला, माहितीये? जोवर हे हरत नाहीत तोवर मागणी आहे. एकदा हरले की संपलं, मग कोण विचारतो यांना!"

मग आमचा गोलकीपर ओस्मारिनो हळूच उठून बसला. त्याला मार्चमध्ये मुलगी झाली होती. तिचा एक फोटो पोस्टाने आला होता, तोही अंधुक. आता ती चार महिन्यांची होत आली होती.

"म्हणजे हरलो की घरी?"

"असंच दिसतंय."

"मग आपण मूर्खासारखे जिंकतोय कशाला?"

कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसत सुटले. फार दिवसांनी हसलो होतो. हसणं ओसरलं तेव्हा सगळ्यांचे डोळे जुव्हेंसियोकडे वळले. तो गुडघ्यावर ओला टॉवेल ठेवून पडला होता.

"मी नाही म्हणेन असं वाटलं का तुम्हाला?" तो म्हणाला. "मलाही घर आहे. पुढचा सामना इझमिरला आहे ना? तिथे हरू. एक-शून्य. जास्त नको. थोडी तरी लाज राहिली पाहिजे."

"आणि निळी फीत?" मागून कोणीतरी विचारलं.

"ती फीत तुझी बायको शिजवून वाढणार आहे का?" ग्रिलो म्हणाला.

मग जुव्हेंसियो माझ्याकडे वळला. "तिबू, तू काही ऐकलं नाहीस."

"मी तर झोपलोय," मी म्हणालो.

इझमिरला दुपारी चारला सामना होता. ऊन असं की मैदानाच्या कडेला ठेवलेलं पाणी कोमट झालं. प्रेक्षक मात्र खूप. बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, छत्र्या, भाजलेल्या कणसांचा वास. आमचे अकराजण बाहेर पडले तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आम्ही जिंकायला आलेलो नाही, हे त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

समोरचा संघ स्थानिक खेळाडूंमधून निवडलेला होता. दमलेले तेही होते. दोन दिवसांपूर्वीच कुठेतरी खेळून आले होते म्हणे. विसाव्या मिनिटाला त्यांच्या सेंटर फॉरवर्डला आमच्या बचावाने वाटच दिली. त्याने चेंडू सरळ ओस्मारिनोच्या अंगावर मारला. ओस्मारिनोने चेंडू पकडला, पोटाशी धरला आणि मान खाली घालून तसाच पडून राहिला. नंतर तो मला म्हणाला, "काका, मी सोडायलाच उभा होतो. हात ऐकेनात."

चाळिसाव्या मिनिटाला ग्रिलोने चेंडू बाहेर घालवायचा म्हणून गर्दीच्या दिशेने लाथ मारली. तो त्यांच्याच एका खेळाडूच्या पाठीवर आपटला आणि त्यांच्याच जाळीत गेला. ग्रिलो दोन्ही हात डोक्याला लावून उभा. प्रेक्षकांना वाटलं, आनंद झालाय त्याला.

उत्तरार्धात त्यांनी एक गोल केला. फ्री किक इतकी सुंदर होती की ओस्मारिनोला ती ठरवूनही अडवता आली नसती. एक-एक. आता आणखी एकच द्यायचा होता. त्यांना पेनल्टीही मिळाली, आणि मारणाऱ्याने चेंडू बारवरून थेट छत्र्यांमध्ये घालवला. मी बाकावर बसून घड्याळ बघत होतो. पाच मिनिटं उरली होती. बरोबरी झाली असती तरी आम्ही न हरलेलेच राहणार होतो.

तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. जुव्हेंसियो कधी कॉर्नरला पुढे जायचा नाही, गुडघा असा असताना तर नाहीच. पण तो गेला. का गेला ते मी अनेकदा विचारलं, त्याने धड कधी सांगितलं नाही. चेंडू उंच आला. सगळे एकमेकांची वाट बघत थांबले आणि चेंडू तसाच तरंगत राहिला, कोणाचाच नसल्यासारखा. जुव्हेंसियोने उडी मारली. कपाळावर घेतलेला तो चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला. आणि जुव्हेंसियो खाली आला, तो उजव्या पायावर.

मैदानाच्या कडेपर्यंत गुडघ्याचा तो आवाज मला ऐकू आला, असं मी लोकांना सांगतो. खरं तर गर्दीच्या ओरड्यात काही ऐकू येणं शक्य नव्हतं. पण ऐकू आला.

दोन-एक. महापौरांनी कप दिला. ओस्मारिनोने तो घेतला, कारण कप्तान उभा राहू शकत नव्हता.

खोलीत कोणी बूट काढले नाहीत. इतकी शांतता मी हरलेल्या संघाच्या खोलीतही कधी पाहिली नाही. ग्रिलो भिंतीकडे तोंड करून बसला होता. जुव्हेंसियो बाकावर आडवा पडलेला. गुडघा असा वळलेला की बघवत नव्हतं.

ओस्मारिनो त्याच्याजवळ जाऊन बसला. "तूच म्हणाला होतास ना रे, एक-शून्य हरायचं?"

"चेंडू आला," जुव्हेंसियो म्हणाला. "काय करू?"

यावर कोणी चिडलं नाही. प्रत्येकाने त्या दिवशी हेच केलं होतं.

इतक्यात डॉक्टर आर्जेमिरो आत आले. हातात कप, तोंडभर हसू. "सात! पोरांनो, सात! आणि रविवारी बैरूत. तिथला कप तर म्हणे चांदीचा आहे." मग त्यांचं लक्ष बाकाकडे गेलं. हसू जरा उतरलं. त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "तिबुर्सियो, रविवारपर्यंत चालेल ना?"

जुव्हेंसियोने माझ्याकडे बघितलं. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत 'हो म्हण' असं नव्हतं. काहीच नव्हतं. दमलेला माणूस बघतो तसा तो बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

"घट्ट पट्टी बांधली तर?"

"मी बांधणार नाही डॉक्टरसाहेब. याची नाही, आणि रविवारी कोणाचीच नाही."

"तुला काय झालं? तू मालिशवाला आहेस!"

"हो, आहे. हे पाय रोज माझ्या हातात असतात. आता ते पाय राहिलेले नाहीत. तुम्ही स्वतः हात लावून बघा."

माझा आवाज चढला होता. आयुष्यात कोट घातलेल्या माणसावर मी पहिल्यांदाच ओरडलो. डॉक्टर लाल झाले. मला वाटलं, आता ते मला इथूनच हाकलतील. मग ओस्मारिनो उठला आणि बाकाच्या कडेला, मी जुव्हेंसियोच्या पायांशी बसलो होतो तिथे, माझ्या शेजारी येऊन बसला. मग ग्रिलो. मग एकेक करून सगळे त्या एका बाकावर, नाहीतर त्याच्यासमोर फरशीवर.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. हॅट काढून ते एका उलट्या पेटीवर बसले. बसल्यावर एकदम म्हातारे दिसायला लागले.

"मी बायकोला सांगितलं होतं, ईस्टरला येतो," ते म्हणाले. "आता ती पत्रंही लिहीत नाही. आणि क्लबातून रोज तार येते, अजून एक, अजून एक. मी नाही म्हटलं तर म्हणतील आर्जेमिरो घाबरला."

"म्हणू देत की," ग्रिलो म्हणाला. "आम्ही सांगू ना, आम्हीच घाबरलो म्हणून."

डॉक्टर बराच वेळ रुमालाने मान पुसत राहिले. मग म्हणाले, "कोणीतरी पाणी द्या रे त्याला." आणि बाहेर जाऊन त्यांनी एजंटला सांगितलं की बैरूत नाही.

आम्ही घरी आलो. विमानतळावर गिरणीचा बँड होता, फुलं होती, निळी फीत होती. जुव्हेंसियो दोन कुबड्यांवर उतरला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याला दुखत होतं, तरी तो हात हलवत राहिला. ओस्मारिनोची मुलगी बापाला बघून किंचाळून रडली आणि तिने आजीच्या खांद्यात तोंड खुपसलं. आठवडाभर ती त्याच्याकडे गेली नाही.

जुव्हेंसियो परत कधी खेळला नाही. गिरणीने त्याला कापड तपासायच्या खात्यात बसतं काम दिलं.

पुढे पंचवीसेक वर्षांनी क्लबात सेक्रेटरी म्हणून नेलिसा नावाची बाई आली. कामाची, नीटनेटकी. क्लबची नवी भिंत रंगवायची होती आणि त्यावर विजेतेपदं लिहायची होती. शेजारच्या वस्तीतले लोक हसत होते की व्हिला सेरेनाचे कप म्हणजे सहलीची बक्षिसं. म्हणून तिने आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर वही, कॉफी, मक्याचा केक.

"इझमिरची स्पर्धा नेमकी कसली होती?" तिने विचारलं.

"सामना होता," जुव्हेंसियो म्हणाला.

"किती संघ होते त्यात?"

"दोन. आम्ही दमलेलो. ते आमच्यापेक्षा जास्त."

ती हसली नाही. पेन हातात धरून बसली. "मग विजेतेपद म्हणून लिहू की नको? खरं सांगा. मला खोटं रंगवायचं नाहीये."

जुव्हेंसियोने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"बाई," तो म्हणाला, "मोठी स्पर्धा नव्हती. पण ती माणसं उन्हात उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि आम्ही खरंच खेळलो. तुमच्या नियमात बसत असेल तर लिहा. नसेल तर राहू दे. आमचं काही म्हणणं नाही."

नेलिसाने लिहिलं. 'आंतरराष्ट्रीय दौऱ्यांतील कप – सात.' विजेतेपद हा शब्द तिने वापरला नाही. मला ते योग्य वाटलं.

घरी जाताना आम्ही चढणीवर हळूहळू चाललो होतो. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते मी तेव्हा बोललो.

"जुव्हेंसियो, मी पहिल्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. स्वीडनमध्येच. तुझा गुडघा तेव्हा वाचला असता."

तो थांबला. चढणीमुळे की माझ्या बोलण्यामुळे, कळलं नाही.

"तू नाही म्हणाला असतास तर मी तुझा गळा धरला असता," तो म्हणाला. "तेव्हा मला खेळायचं होतं रे. तुझी एकट्याची चूक असती तर बरं झालं असतं, निदान तुझ्यावर चिडता आलं असतं."

मग तो पुन्हा चालू लागला. वर पोचेपर्यंत आम्ही दोनदा थांबलो.