समासातले पाचशे सत्तर

आमच्या ह्यांना, म्हणजे दत्तारामांना, जहाजाचं सुकाणू धरून चौदा वर्षं झाली होती. अधिकारी व्हायची परीक्षा मात्र दोनदा हुकली. २००४ची तिसरी खेप शेवटची. या वेळी नाही जमलं तर जन्मभर सुकाणूच, असं कंपनीनं बजावलं होतं.

कारण एकच. अंतराच्या गणितात हे रीत मांडतच नसत, थेट उत्तर लिहीत. उत्तर जवळपास बरोबर, गुण शून्य! मी आमच्या वस्तीत, जेसल पार्कात, दहावीच्या शिकवण्या घेते. असला आळशीपणा मला खपत नाही.

एका रविवारी दुपारी मीच पुढ्यात बसले. गणित होतं, एकोणीस उत्तर अक्षांशावरून सरळ पश्चिमेला दहा रेखांश जायचं, तर अंतर किती सागरी मैल? ह्यांनी लिहिलं, पाचशे सत्तर.

"अंशाला साठ मैल, तुमच्याच पुस्तकात आहे. सहाशे झाले. मारू काट?"

"अगं मने, ताशी तेरा मैलांनी ती वाट चव्वेचाळीस तासांत सरते. तुझ्या हिशेबानं सेहेचाळीस. दोन तास मी काय झोपा काढल्या?"

ह्यांनी संत्रं सोललं. फोडी मध्ये रुंद, देठाकडे निमुळत्या. "साठ मैल फक्त विषुववृत्तावर. वर गेलं की रेखांश जवळ येतात."

माझं तोंड एवढंसं झालं. ह्यांचं तयार आकड्यांच्या तक्त्यांचं पुस्तक उघडलं. एकोणीस अंशांचं पान, सहाशेची ओळ, शेजारी पाचशे सदुसष्ट पॉइंट तीन. कुणी कुणी बसून हे आकडे काढले असतील, आणि माझ्या नवऱ्याच्या मनगटाला ते आधीच ठाऊक! अभिमानानं ऊर भरून आला, आणि इतके दिवस ह्यांना आळशी म्हटल्याची लाजही वाटली.

"यापुढे मनातला आकडा पेन्सिलीनं समासात लिहायचा," मी म्हटलं. "मग तक्त्यावरून पूर्ण रीत. जुळलं नाही तर चूक शोधायची."

परीक्षेत शेवटचं गणित समासाशी जुळेना. पाहतात तर तक्त्याचं भलतंच पान उघडलेलं. खोडून पुन्हा मांडलं, आणि हे लेखी परीक्षा पास झाले.

मग तोंडी परीक्षेत साहेबांनी तीच उत्तरपत्रिका पुढे धरून विचारलं, "ये बाजू में पेन्सिल से क्या लिखा है?"

"आकडा मेरा है, साब. रीत बायकोने लिखवाई." तोंडीही पार पडली, आणि हे अधिकारी झाले.

हल्ली शिकवणीत एखाद्या वहीत रीतीवाचून बरोबर उत्तर दिसलं, की मी आधी काट मारत नाही. विचारते, "हे तुला कसं कळलं, सांग बघू."