कोरड्या हाताचं काम

देवळीच्या पलीकडे मैत्रीवाडी आहे. चूल एक, शेत एक, तेलाची घाणी एक, आणि भांडायला तोंडं मात्र भरपूर. इथं कुणाच्या मालकीचं असं काही नसतं. विहीर खणताना निघालेला दगडी बुद्धसुद्धा सगळ्यांचाच. कडुनिंबाखाली ओटा बांधून त्याला बसवला होता. नाक झिजलेलं, एक कान गेलेला, पण चेहऱ्यावर असं हसू, की तणतणत आलेला माणूस कशासाठी आलो तेच विसरायचा.

तानाबाईचा तर तो जीव की प्राण. नवऱ्याचं घर सोडून ती वाडीत आली तेव्हा कित्येक दिवस कुणाशी बोलली नव्हती. पहिल्यांदा तोंड उघडलं ते त्याच्यापुढं. आता काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. माणसं ती आवाजावरून ओळखायची, वाट काठीनं, आणि बुद्ध बोटांनी. रोज सकाळी डोक्यावरच्या केसांच्या बोराएवढ्या गाठींवरून तिचा हात कपाळावर यायचा, मग गालावर, मग ओठांवर. तेव्हा कुठं तिचा दिवस उजाडायचा.

एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. जाताना ती बोटं जवसाच्या तेलात बुडवून न्यायची. उन्हातान्हात बसतो बिचारा, कोण पाहते त्याच्याकडं?

उन्हाळ्यात बुद्धाच्या खांद्याची खपली पडली. वाडीनं नागपूरहून दगडांची जाणकार बाई बोलावली. तिनं भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "याला तेल कोण लावतं? त्यानंच दगड सुटतोय."

तानाबाई पुढं होणार, तेवढ्यात घाणीवरचा निकेश पुटपुटला, "मी. पण जरासंच." स्वयंपाकघर सांभाळणारी ज्योत्स्ना म्हणाली, "मी फक्त सणासुदीला." आणि नियम म्हणजे नियम असं उठताबसता ऐकवणारे प्रभाकरराव खाकरले, "अधूनमधून मीही." घ्या आता. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही म्हणतात, इथं गंगा उलटी वाहिली. आपल्याशिवाय त्याला कोणी नाही असं प्रत्येकालाच वाटलं. लाडानं पोर बिघडतं, मैत्रीवाडीत दगड बिघडला.

"तेल बंद, पाणी बंद," बाई दगड साफ करून जाताना म्हणाली. "आणि हातही शक्यतो लावू नका."

संध्याकाळी सभा बसली. मूर्तीला कुणीच हात लावायचा नाही, असा ठराव प्रभाकररावांनी मांडला. वाडीत सगळे हो म्हणाले तरच ठराव होतो. एकानं नाही म्हटलं की पडला. एकेक हो म्हणत पाळी तानाबाईपर्यंत आली.

डोळसांचं काय जातं? ते ओसरीतून पाहतील. तिला हात लावायचा नाही म्हणजे बुद्ध उचलूनच नेला म्हणायचा. एका 'नाई'चं काम होतं. पण ती खांद्याची खपली तिच्या हातात दिली होती कुणीतरी, आणि चोळता चोळता तिचं पीठ झालं होतं.

"हो," ती म्हणाली. "माह्या हातानं त्याले दुखत असन, तर हात कायले पाहिजे?"

मग प्रभाकरराव म्हणाले, "माझी सहमती नाही."

"ठराव तुमीच आणला ना, भाऊ?" तानाबाईनं विचारलं.

"आणला. आता पाडतो. तेल न लावता, कोरड्या हातानं, एकट्या तानाबाईंनी स्पर्श करावा, असा नवा मांडतो."

तानाबाई भडकली. "काऊन? मी काय मालकीण हाये त्याची? माही साडी वाडीची, ताट वाडीचं, अन् आता म्हातारपणी मले एकटीले भगवान देऊन राह्यले? नाई म्हणजे नाई."

दुसराही ठराव पडला. प्रभाकररावांनी कपाळाला हात लावला.

ज्योत्स्ना तिच्याजवळ सरकली. "मावशी, दगड अजून भुगा सोडून राह्यला का, हे रोज कोणीतरी पाहाले पाहिजे ना? डोळ्याले ते दिसत नाई, बोटाले लागते. मी हक्काचं नाई, कामाचं बोलून राह्यली."

जाणकार बाईनं असलं काही काम सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि तानाबाईलाही. पण वाडीत मेहेरबानी नाकारता येते, काम कुणी नाकारत नाही. या लबाड माणसांवर तिची माया दाटून आली.

"काम असन तं करीन," ती शेवटी म्हणाली. मग हे काम सोडून कुणीच हात लावायचा नाही, असा तिसरा ठराव एकमतानं झाला.

सकाळी तिनं साबणानं हात घासले, पदराला पुसले आणि ओट्यावर गेली. तेलाचा बुळबुळीतपणा गेला होता. दगड खरखरीत, गार लागला. ती सावकाश परत आली तर ओसरीत चहाचे कप घेऊन सगळे थांबले होते.

"भुगा नाई," तिनं सांगितलं.

तरी कुणी उठेना. मग निकेशनं हळूच विचारलं, "मावशी, कसा लागला वं तो?"

तेव्हा तानाबाईच्या ध्यानात आलं. तिला काम होतं, या बाकीच्यांना मात्र खरोखरच हात लावायची बंदी झाली होती. तिनं चाचपडत निकेशचा गाल शोधला आणि त्यावर तळवा ठेवला.

"असा," ती म्हणाली.

मग ज्योत्स्नानं गाल पुढं केला. तिच्यामागं एकेक जण येऊन उभा राहिला, आणि सगळ्यांच्या शेवटी, चष्मा काढून हातात धरलेले प्रभाकरराव.