दुसरा जामीन

कट्. आबांच्या अडकित्त्यात सुपारी फुटली.

"म्हंजी जावयाला चोर समजून सही करू व्हय?"

मी समोर कागद धरून बसले होते. चांगू माझ्या मांडीवर पाय टाकून शेंगा सोलत होती. चार ओच्यात, एक तोंडात.

ह्यांची ग्रामसेवक म्हणून नेमणूक झालेली. गावाचा पैसा हातात येणार, म्हणून सरकारला जामीनकतबा हवा. उद्या ह्यांच्या हातून अफरातफर झाली तर आम्ही भरून देऊ, असं दोघा जमीनवाल्यांनी लिहून द्यायचं. एक सही शेजारच्या रंभाजीमामांनी दिली होती. दुसरी सोमवारपर्यंत मिळाली नाही, तर नेमणूक पुढच्या उमेदवाराला. सासऱ्याकडं मागायची ह्यांना लाज. मग मीच तिसगावहून निघाले, घोडेगावला एस.टी.तून उतरले आणि पोरीला कधी चालवत, कधी कडेवर घेत शिंगणापूर गाठलं.

"आबा, सगळ्याच ग्रामसेवकांकडून घेतात. रीतच आहे ती."

"आपल्या गावात घराला दार न्हाई, सुमे. आन तू कागदाचं दार घिऊन आलीस! मी शनिदेवाम्होरं शपथ घेतो की. सांग तुझ्या सायबाला."

"साहेब शपथ फायलीला कशी लावतील?"

चुलीपाशी आई हसली. "तरनेपनी सापाच्या बिळात हात घालायचे म्हनं. आता शाईच्या टाकाला घाबरत्यात!"

"तू गप गं!" आबांनी पान गालात सारलं. मग माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "तू सांग. तू ऱ्हाशील जामीन?"

"माझ्या नावावर कुठंय जमीन?"

"जमीन कोन ईचारतंय?"

मला मागची दिवाळी आठवली. रेशनच्या दुकानातून चुकून अर्धा किलो साखर जास्त आली, तर हे भर उन्हात ती परत द्यायला गेले. वर दुकानदाराची बोलणी खाऊन आले. इकडं माझे लाडू अडलेले. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नव्हते.

"राहीन," मी म्हणाले. "डोळे मिटून राहीन."

"उघडं ठिवून ऱ्हा. संसार हाय," आबा म्हणाले आणि कागद ओढून सही करायला बसले.

"येवढ्या येळात बिघाभर नांगरून झालं आसतं," आई म्हणाली. पण सही झाली! मी शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिले.

परतीच्या एस.टी.त चांगूनं कागद बघायला मागितला. यंदा पहिलीत बसलीय. दिसेल ती पाटी वाचते. शेंगांचे हात परकराला पुसून तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवलं.

"हे रंभाजीमामा. हे आजोबा. आणि हे आपले अण्णा."

मग तिनं कागद उलटा केला, पाठीमागं बघितलं, पुन्हा सुलटा केला.

"आई, तुझी सही कुठंय?"