एकेचाळीस नंबर

केसपेपरच्या खिडकीवरच्या कारकुनाला सगळं हॉस्पिटल 'शिक्केमामा' म्हणायचं. नावाची जागा रिकामी दिसली की मामा कागद परत करणार म्हणजे करणारच, मग समोर कोणी का असेना! दोन वर्षांपूर्वी अपघातातल्या एका बेशुद्ध माणसाचं नाव शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. बिननावाचा नमुना रक्तपेढीने घेतला नाही आणि माणूस हातचा गेला. त्या दिवशी मामांनी डबा उघडलाच नाही.

मग त्यांनी स्वतः बसून पिशव्या भरल्या. प्रत्येक पिशवीत मनगटाचा पट्टा, रक्ताच्या नळ्या, फॉर्म आणि सगळ्यांवर आधीच लिहिलेला एकच नंबर. गंभीर जखमी आला की पिशवी फाडायची, नाव मागाहून. नियम एकच, रक्त चढेपर्यंत नंबर बदलायचा नाही, प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी. "माणसांना काय नंबर देता, मामा?" म्हणून हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी नाक मुरडलं. मामांनी कानाडोळा केला.

एका सोमवारी सकाळी स्कूटरवरून पडलेली एक बेशुद्ध बाई आली. सिस्टरने एकेचाळीस नंबरची पिशवी फाडली, रक्त काढलं, शिपाई नळ्या घेऊन वर रक्तपेढीत पळाला. मामा शिक्का मारायला वाकले आणि स्ट्रेचरवरची हनुवटी त्यांना दिसली. त्या हनुवटीवरची खूण त्यांच्याच खोडीची होती, लहानपणी झोक्यावरून ढकलल्याची. त्यांची धाकटी बहीण होती ती.

मामांचा हात आपसूक पेनाकडे गेला. नाव, वय, पत्ता सगळं तोंडपाठ, आणि सख्खी बहीण बेवारशासारखी पडलेली!

"ओळखीच्या आहेत का, मामा?" सिस्टरने विचारलं. "नाव घालू?"

वर गेलेल्या नळ्यांवर एकेचाळीस होतं. खाली नाव बदललं तर वरचे नमुना परत पाठवणार, आणि बरोबरच करणार. तो नियम मामांनीच त्यांच्या गळी उतरवला होता.

"माझी बहीण आहे," मामा म्हणाले. "एकेचाळीसच राहू दे."

पेन त्यांनी खिशात घातलं. अकराव्या मिनिटाला रक्त आलं. ते चढायला लागलं तेव्हा कुठे मामांनी फॉर्म ओढला आणि तिचं नाव लिहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वेडंवाकडं आलं.

पाचव्या दिवशी बहीण उशीला टेकून बसली होती.

"दादा, समोर असून मला बेवारशी ठेवलंस होय रे?"

मामांनी सगळं सांगितलं. ती हसली, टाके ओढले गेले म्हणून कळवळली, आणि पुन्हा हसली. त्यानंतर जो कोणी भेटायला येईल त्याच्यापुढे ती एकेचाळीसचा पट्टा बांधलेलं मनगट धरायची. "बघा, ही आमच्या दादाची अक्कल. तिच्यावरच उठून बसलेय मी."

"पुरे गं, रेकॉर्डला लागतो तो पट्टा, दे इकडे," मामा दरडावायचे. पण त्यांचा ऊर भरून आलेला असायचा, आणि पट्टा त्यांनी शेवटपर्यंत काढून घेतला नाही.