माळावरच्या वाटेची शपथ

रायाप्पाच्या फटफट्यांच्या धावपट्टीचा निकाल आपल्या जिभेवर येऊन बसेल, असं राजमतीआक्कांना स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. पण बसला खरा! चिकोडीच्या कोर्टात दावा रखडत रखडत चालला, वकिलांनी घसे कोरडे केले, आणि शेवटी वादी भीमाप्पा उभा राहून म्हणाला, "सायेब, रायाप्पाच्या आईनं, राजमतीआक्कांनी, बस्तीत त्येंच्या द्येवाम्होरं सांगावं, माळावर वाट नव्हती म्हणून. तसं सांगितलं, तर मी दावा सोडला."

कायद्यात तशी सोय आहे. समोरच्याच्या शपथेवर आपण राजी झालो, की ती शपथ हाच निकाल. भीमाप्पाच्या वकिलानं कपाळाला हात लावला. "अरे, ती प्रतिवादीची आई! आणि तू बौद्ध माणूस. जैनांच्या बस्तीतल्या त्या देवावर तुझा विश्वास तरी आहे का?"

"द्येवावर न्हाय," भीमाप्पा म्हणाला. "आक्कांवर हाय."

भांडण तसं साधंच होतं. निपाणीच्या अलीकडं आक्कांच्या घराण्याचा मुरमाड माळ होता. कुसळाशिवाय काही उगवायचं नाही. रायाप्पानं त्याला तारेचं कुंपण घातलं, मुरमाचे ढिगारे रचले, वळणं काढली, आणि कोल्हापूर-बेळगावची पोरं येऊन तिथं फटफट्या उडवायला लागली. माळापलीकडं भीमाप्पाची वस्ती. तिथल्या बायका निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायच्या त्या माळावरूनच. कुंपण पडलं आणि त्यांना ओढ्याकडून वळसा घालणं आलं. पावसाळ्यात ओढा भरला की काम बुडालंच म्हणायचं. रायाप्पाच्या वकिलानं कोर्टात ठोकून दिलं, माळावर वाट कधी नव्हतीच. सरकारी नकाशात ती नव्हती, हे खरं. गावातल्या थोरांना विचारावं, तर एकजात सगळ्यांची आठवण गेलेली! आक्कांच्या घराशी वाकडं कोण घेतो?

आक्कांची आठवण मात्र शाबूत होती. आपल्या मळ्यात तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस आले की त्या स्वतः त्या वाटेवर उभ्या राहून हाका मारायच्या, "कोंडाबाई, या गं लौकर, ऊन चढलं!" कोंडाबाई म्हणजे भीमाप्पाची बायको. तिच्या मागनं सगळ्या बायका त्या वाटेनं हसत-खिदळत यायच्या.

पण रायाप्पा एकुलता. बाप गेल्यावर पोरगं असं मिटून गेलं, की ताट पुढं केलं तर जेवायचं, नाही केलं तर तसंच बसायचं. आईशी दोन शब्द बोलायचं नाही. माळानं त्याला माणसात आणलं. पहिली उडी साधली त्या दिवशी धुळीनं माखून घरी आला आणि खदखदून हसला. त्या हसण्यावरून आक्कांनी पिकाचा मळासुद्धा ओवाळून टाकला असता. आणि आता वाट मोकळी सोडायची, तर धावपट्टी नेमकी मधोमध तुटत होती.

शपथेच्या आदल्या दिवशी जेवताना रायाप्पा म्हणाला, "आई, एकच वाक्य हाय." वर मात्र बघेना.

"आनि खरं काय हाय, ते रं?"

"माळ आपला हाय, ह्ये खरं न्हाय व्हय?"

आक्कांनी खोटं बोलायचं ठरवलं. हो, ठरवलं! उगाच कशाला लपवायचं? मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जन्मभर खाली बघून चाललेली बाई, पण पोरगं पुन्हा मुकं झालेलं बघायचं तिच्यानं होईना.

सकाळी कोर्टानं नेमलेले वकील बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओसरीवर कागद घेऊन बसले. जबानी त्यांनीच लिहून घ्यायची होती. आक्का अंगणातल्या विहिरीवर न्हाल्या आणि ओलेत्यानं मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. रायाप्पा खांबाला टेकलेला, शेजारी त्याचा वकील, भीमाप्पा दाराशी. आक्कांनी हात जोडले.

"माळावर..." त्यांनी जोडलेले हात सोडून पुन्हा जोडले. "माळावर..."

"थांबा आक्का!" भीमाप्पा एकदम ओरडला. "ऱ्हाऊ द्या. सायेब, मी दावा काढून घेतो. तसं लिवा."

"का रे बाबा?" कोर्टाचे वकील म्हणाले. "बोलू तर दे त्यांना."

"नगं. आमच्या वाटंपायी ह्या बाईच्या तोंडातनं ते निघाय नगं. आमच्या बायका जातील वड्याकडनं."

रायाप्पाचा वकील हरखला. "लिहा साहेब, लिहा!" रायाप्पानं डोळे मिटून श्वास सोडला. झालं, मिटलं! पट्टी वाचली, खोटंही बोलावं लागलं नाही. आक्कांनी जाऊन लुगडं बदलायचं तेवढं राहिलं होतं. पण त्यांची नजर भीमाप्पाकडं गेली. तो खाली मान घालून चपला शोधत होता. आक्कांना शरमल्यासारखं होऊ नये म्हणून बिचारा त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हता. आक्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाट हुती," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?" कोर्टाच्या वकिलांनी विचारलं.

"वाट हुती म्हणलं. मी सोता तिच्यावर हुबी ऱ्हाऊन बायकांना हाका मारल्यात. लिवा."

"अहो आक्का, दावाच उरला नाही. आता तुमचं सांगणं कुणी मागत नाही."

"मागत न्हाई म्हणूनच सांगते. लिवा मुकाट्यानं."

भीमाप्पा चपला तशाच हातात धरून ओढ्याच्या दिशेनं निघून गेला. रायाप्पाही ताडकन बाहेर पडला. आक्का त्या ओल्या लुगड्यानिशी त्याच्या मागं धावल्या. गेलं पोरगं! आता काय हे परत आपल्याशी बोलत नाही. रायाप्पा फटफटीपाशी पाठमोरा उभा होता.

"मधला ढिगारा मोडावा लागंल," तो म्हणाला.

"व्हय."

"लई राबलोय गं त्येच्यापायी, आई." आणि एवढा थोरला गडी ओक्साबोक्शी रडायला लागला.

आक्कांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "रड. काय पायजे ते बोल मला. पर बोलायचं सोडू नगंस रं, लेकरा."

मग रायाप्पानं बाहीनं तोंड पुसलं, फटफटीला किक मारली आणि म्हणाला, "बस मागं."

"आनि ह्ये वलं लुगडं?"

"वाळंल वाऱ्यानं. भीमाप्पा वड्याकडं निघालाय बघ. त्येला माळावरनं जा म्हणून सांगूया."