कोलसाहेबांचं लेकरू

भिंगारदिव्यांच्या घरात एक वेळ जेवण चुकेल, पण संध्याकाळची प्रार्थना चुकायची नाही. पाहुणा येवो, लाईट जावो, सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं म्हणजे बसायचं. आणि आमेन तोंडावर आलं, पोरांच्या नाकात कालवणाचा वास शिरला, की नेमके तेव्हाच पाच साहेब यायचे.

हे साहेब साराबाईंच्या वडिलांचे. गिदोन भिंगारदिवे दुसऱ्या महायुद्धात पलटणीच्या दवाखान्यात शिपाई होते. आफ्रिकेत पकडले गेले आणि इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडले. तिथे आजाऱ्यांच्या बराकीत पाच इंग्रज अधिकारी होते, तेही कैदीच. त्यांचं हगणं-मुतणं काढण्यापासून दाढी करण्यापर्यंत सगळं गिदोननी केलं. त्यातले कोलसाहेब तिथेच वारले. त्यांना घरी एक तान्हं लेकरू होतं, त्याचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. गिदोन गावी परतले ते हा सगळा गोतावळा मनात घेऊनच.

रोज ते डाव्या हाताच्या बोटांवर नावं मोजत. अंगठ्यावर कोलसाहेबांचं लेकरू, मग हार्ग्रीव्हसाहेब, मॅथ्यूजसाहेब, प्रेंटिससाहेब आणि करंगळीवर डनकनसाहेब. तरुणपणी कडबा कापताना त्यांची ती करंगळी अर्धी गेली होती, त्यामुळे डनकनसाहेबांना अर्धीच जागा मिळते म्हणून पोरं खुसखुसायची. गिदोनना जाऊन तीस वर्षं झाली, तरी नावं चालूच राहिली. लहानपणापासून साराबाईंच्या डोळ्यांपुढे ते लेकरू रांगतच होतं. शाळेत इंग्रजी शिकवून त्या रिटायर झाल्या, शहात्तर वर्षांच्या झाल्या, पण लेकराला त्यांनी काही उभं राहू दिलं नाही.

मग एका रविवारी संगमनेरच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सूचनांच्या शेवटी एक ईमेल वाचून दाखवली. ती आधी नगरच्या चर्चला आली होती आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून फिरत फिरत इथवर पोचली होती. इंग्लंडमधल्या त्र्याऐंशी वर्षांच्या कुणा मिस कोल यांनी ती लिहिली होती. त्यांना छावणीतला एक जुना फोटो मिळाला होता, त्यात पाच अधिकारी होते. मागे नावं नव्हती, एवढंच लिहिलं होतं की अहमदनगरच्या गिदोनमुळे आम्ही उभे आहोत. त्यांचं घर बॉम्बमध्ये जळालं, त्यात वडिलांचा एकूण एक फोटो गेला. या पाचांत आपले वडील कोणते, हे सांगणारं कोणी आहे का, असं त्या विचारत होत्या.

साराबाई भर चर्चमध्ये उठून उभ्या राहिल्या. "लेकरू हाय ते," त्या म्हणाल्या. एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून थेट बापाची बोली आली.

फोटो मोबाईलवर आला तेव्हा साराबाईंनी आधी साहेब पाहिलेच नाहीत, त्यांनी वडिलांना शोधलं. गिदोनचा तरुणपणीचा एकही फोटो घरात नव्हता, पेन्शनच्या वेळचा होता तेवढाच. इथेही ते नव्हते. बराकीच्या दारासमोर पाच गोरे एका ओळीत, बाकी कोणी नाही.  फोटो साहेबांचे निघतात, आपला माणूस कोण काढतो, असं साराबाई कडवटपणे म्हणाल्या.

पण लेकराला उत्तर तर द्यायला हवं होतं. नावं पाच, माणसं पाच. जी शिक्षिका जन्मभर हजेरी घेत आली, तिला यात अवघड ते काय? डावीकडून पहिले कोल, पुढे हार्ग्रीव्ह, असं करत त्यांनी सगळी ओळ लिहून पाठवली. डावीकडचा पहिला होता धडधाकट, टोपी तिरकी घातलेला, मनापासून हसणारा. मिस कोल यांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला होता. माझी हनुवटी कोणाची हे आयुष्यभर कोडं होतं, ते सुटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. साराबाईंनी ते चारदा वाचलं आणि चारदा डोळे पुसले.

त्याच सुमारास त्यांचा धाकटा भाऊ रॉबिन गुडघ्याच्या ऑपरेशनमधून बरा होत होता. शुगर फॅक्टरीत उभा जन्म काढलेला हा माणूस महिनाभर लाटसाहेबासारखा झोपून होता, आणि महिनाभर प्रार्थनेत त्याचं नाव सगळ्यांत आधी येत होतं. त्या संध्याकाळी त्याच्या मुलीने, आराधनाने, पहिलं नाव शेजारच्या छगनकाकांचं घेतलं. त्यांना डेंग्यू झाला होता. आमेन होताच रॉबिन कुरकुरला, "मला खाली ढकललंस व्हय गं?"

"तुम्ही आता गल्लीभर फिरता, पप्पा. जास्त आजारी तो पहिला. आजोबांचाच नियम आहे."

साराबाईंच्या हातातलं बायबल तसंच राहिलं. नियम त्यांना ठाऊक होता, जन्मापासून ठाऊक होता. तो साहेबांनाही लागू असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. वडील ओळीने नावं घेत नव्हते, दुखण्याने घेत होते. जो जगला नाही, तो पहिला.

त्यांनी मोबाईल उघडला. उजव्या टोकाला, ओळीत सगळ्यांत शेवटी, एक माणूस होता. अंगावर घोंगडी, गालाची हाडं वर आलेली, मान कलती. फोटोत कोणी कोल असेल तर तो हाच होता. आणि तो हसरा गडी, देव त्याचं भलं करो, अर्ध्या करंगळीवरचा डनकन.

रॉबिनचं म्हणणं पडलं की गप्प बसावं. "आक्का, म्हातारीला हसरा बाप मिळालाय. तिच्या हातात हा हाडांचा सापळा कशाला देतीस? किती दिवस राहिलेत तिचे?"

साराबाई रात्रभर तळमळल्या. भाऊ बोलला त्यात खोटं काही नव्हतं. पण पहाटे त्यांना वाटलं, वडिलांनी ज्या माणसाला अंगठ्यावर ठेवलं, त्याला मी ओळीतून बाहेर काढलं. लेकरू भलत्याच माणसाला बाबा म्हणतंय, आणि ते माझ्यामुळे.

संध्याकाळी आराधनाने व्हिडिओ कॉल लावून दिला. मिस कोल शुभ्र केसांच्या, बारीक चणीच्या, आणि पाठीमागे ती फ्रेम. साराबाईंनी हात जोडले आणि इंग्रजीत सरळ सांगून टाकलं. "माझी चूक झाली. ते हसरे तुमचे वडील नाहीत. तुमचे वडील उजवीकडचे शेवटचे."

 मिस कोल यांनी फ्रेम मांडीवर घेतली, भिंग काढलं आणि वाकून बघत बसल्या. इकडे स्क्रीनवर नुसते पांढरे केस दिसत होते. रॉबिनने बहिणीकडे रागाने पाहिलं, आणि मग त्याला तिची दयाच आली.

मग तिकडून हळू आवाज आला. "यांना कोणीतरी धरलंय."

"काय?"

"दाराच्या अंधारातून एक हात आलाय. यांच्या काखेखाली. सगळा भार त्याच हातावर आहे." त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. "त्याची करंगळी अर्धी आहे."

आराधनाने मोबाईलवर फोटो ताणून मोठा केला. घोंगडीच्या घडीत, इतके दिवस घडीच वाटलेली चार बोटं होती, आणि पाचवं तोकडं.  साराबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं, अगदी अलगद, हात दुखेल की काय अशा बेताने.

"ते माझे बाबा," त्या म्हणाल्या.

मग दोघी म्हाताऱ्या रडल्या, मनसोक्त रडल्या, आणि रडताना हसल्याही. हनुवटी कोणाची ते आता नीट दिसत नाही, पण हात कोणाचा ते कळलं, असं मिस कोल म्हणाल्या. दिवेलागणीची वेळ झाली तशी साराबाईंनी ओशाळून सांगितलं की आमच्या प्रार्थनेची वेळ झाली. तुम्ही माझं नाव घेता ते मला ऐकायचं आहे, असं तिकडून उत्तर आलं.

मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. सतरंजी अंथरली, रॉबिन कण्हत खुर्चीत बसला. साराबाईंनी डावा हात वर केला, अंगठा धरला आणि वडिलांच्याच चालीत म्हणाल्या, "कोलसाहेबांचं लेकरू."

आणि तांब्यापाशी ते लेकरू पहिल्यांदाच आमेन म्हणालं.