दोन किलो जादा

"चपला काढा, मोबाईल काढा आणि श्वास रोखून धरू नका, काका. त्यानं वजन कमी होत नाही."

सिस्टरचं हे वाक्य सकाळपासून सहाव्यांदा झालं होतं. काटेवाले वजनकाट्यावर चढले. आकडा जरा थरथरला आणि साठावर थांबला.

"साठ. म्हणजे दोन किलो पाणी चढलंय. छान. गेल्या दोन वेळा काहीच वाढलं नव्हतं, डॉक्टर माझ्यावरच खेकसले. जेवताय ना नीट?"

"दोन्ही वेळ," काटेवाले म्हणाले.

काटेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी मालाचे ट्रक तोलले होते. भरलेला ट्रक तोलायचा, माल उतरला की रिकामा तोलायचा आणि वजाबाकी करायची. भरलेल्या ट्रकचं वजन फुगवायला ड्रायव्हर लोक नाना तऱ्हा करत. कुणी पाण्याचे कॅन भरून आणी आणि आत जाऊन ओतून देई, कुणी क्लीनरला सीटखाली झोपवी. काटेवाले खिडकीतूनच ओरडत, "सीटखालच्या मालाला आधी खाली उतरव!" त्यांना एकदाही कुणी फसवू शकलं नाही. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्याचा खास उल्लेख केला, फक्त नाव दुसऱ्याचं घेतलं.

पुढच्याच वर्षी मूत्रपिंडंही निवृत्त झाली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. हातात दोन जाड सुया. एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून धुऊन परत. लघवी होत नाही म्हणून अंगात साचलेलं पाणीही यंत्रच काढी. किती काढायचं ते काटा सांगे: आजचं वजन वजा पाणी नसतानाचं वजन, म्हणजे अठ्ठावन्न. पुन्हा वजाबाकीच.

तीन वर्षं निभावलं. अलीकडे मात्र घास तोंडातल्या तोंडात फिरे. जाग आली की पहिला विचार सुईचा येई, छाती धडधडे, आणि दुसरा विचार यायचाच नाही. दवाखान्याने एक छापील कागद भरून घेतला होता. 'गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?' काटेवाल्यांनी 'कधीच नाही'वर खूण केली. शेजारी बायको बसली होती, आणि चष्मा लावून बसली होती.

मग जेवण सुटलं, पाणीही सुटलं. वजन वाढेना. वजन वाढलं नाही की डॉक्टर विचारणार आणि बायकोला कळणार. तिने या तीन वर्षांत स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन चारदा पुढे ढकललं होतं. अशा बाईला 'मला आता हे नको' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून आज शर्टाच्या आत, कमरेच्या कापडी पट्ट्यात लोखंडी नट होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घेतलेले, नेमके दोन किलो. अंदाजपंचे काम त्यांना कधीच जमलं नव्हतं.

"दोनच लिटर? मजा आहे बुवा तुमची," शेजारच्या खाटेवरचे मास्तर म्हणाले. ते शाळेत कवायत शिकवत असत. "माझं साडेतीन निघालं. काल अर्धं कलिंगड खाल्लं."

"कशाला खाल्लंत?"

"घरात कुणी नव्हतं म्हणून."

यंत्र सुरू झालं. त्याला दोन लिटर सांगितले होते, ते इमानाने दोन लिटर काढू लागलं. अंगात नसलेलं पाणी ते रक्तातून ओढत राहिलं. जन्मभर दुसऱ्यांच्या लबाड्या पकडणाऱ्या माणसाच्या एवढंच लक्षात आलं नव्हतं: ट्रकचं वजन खोटं निघालं तर कागद चुकतो, तेवढं वजन ट्रकमधून खरोखर काढायला कुणी येत नाही.

तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा आला. मग घाम फुटला. मग छत लांब गेलं.

"सिस्टर! अहो सिस्टर, हे पांढरे पडले!" मास्तर कवायतीच्या आवाजात ओरडले.

रक्तदाब सत्तरवर आला होता. सिस्टरने खाटेची पायाकडची बाजू उचलली, सलाईन सोडलं, शर्टाची बटणं काढली आणि तिचा हात पट्ट्याला लागला. नट ट्रेमध्ये खणखणत पडले.

"काका, हे काय?"

"दोन किलो," काटेवाले पुटपुटले. आकडा विचारल्यावर तो बरोबर सांगायचा, ही सवय.

नातेवाइकांना आत मनाई होती. सिस्टरने दार उघडून हाक मारली, "काकू, आत या."

बायको लंगडत आली. ट्रेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे कशाला?"

"वजन भरावं म्हणून."

"म्हणजे जेवत नाही तुम्ही. आणि मी वाढलेलं?"

"गच्चीवर. पाखरांना."

"तरीच. म्हटलं इतकी पाखरं कुठून आली. मला सांगता येत नव्हतं?"

"काय सांगू? तू एवढं करतेस." ते छताकडे बघत राहिले. "मला यावंसं वाटत नाही गं इथे. सकाळी उठावंसंच वाटत नाही."

ज्यांच्याकडे कशावरही बोलायला काहीतरी असे, त्या मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बायकोने स्टूल ओढलं, तो ताठलेला पाय मांडीवर घेतला आणि पोटरी दाबू लागली.

"डॉक्टरांना सांगावं लागेल, काका," सिस्टर म्हणाली. "मनाच्या डॉक्टरांनाही. लाजू नका, इथले निम्मे जातात त्यांच्याकडे." मग तिने विचारलं, "परवा यायचं ना?"

हा प्रश्न ती निघताना दारात सगळ्यांनाच विचारे, आणि त्याचं उत्तर तीन वर्षं बायको देत आली होती: "येणार म्हणजे काय, येणारच!" आज तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघतो," काटेवाले म्हणाले.

पोटरीवरचे हात थांबले. मग हळूहळू पुन्हा दाबू लागले.

"इथे दुखतंय?" तिने विचारलं.

"जरा खाली."